कूलंट जातं कुठे? वारंवार होणाऱ्या गळतीचा माग काढताना

डिकीत स्टेपनीशेजारी कूलंटची बाटली कायमची मुक्कामाला आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधून सकाळी गोल्डन नेस्ट ओलांडून काशीमिऱ्याकडे निघणाऱ्या गाडीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. कूलंट भरलं, पंधरा दिवसांत पुन्हा खाली. गॅरेजवाल्याने पाइप बदलला, क्लिपा आवळल्या, तरी पुन्हा खाली. गाडीखाली थेंब दिसत नाही. मग जातं कुठे?

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. त्याचं चक्र बंद असतं. इंजिनातून रेडिएटरमध्ये, रेडिएटरमधून इंजिनात, एवढाच त्याचा प्रवास. धडधाकट गाडीत एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत टाकीतली पातळी जेमतेम हलते. महिन्यातून दोनदा भरावं लागत असेल, तर ते एक तर बाहेर पडतंय किंवा इंजिनाच्या आत जातंय. तिसरी वाट नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी जागा शोधा, मग पुरावा मिळवा, आणि मगच पाना लावू द्या.

हात लावण्याआधी तीन गोष्टी

- गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. चालू गाडीत कूलंट साधारण ०.९ ते १.१ बार दाबाखाली असतं, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास निम्म्या दाबाखाली. झाकण सैल होताच उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला थंड आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा. सगळ्यात चांगली वेळ सकाळची, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची.
- सांडलेलं लगेच पुसा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नका, आणि ओळख पटवायला स्वतःही चाखून पाहू नका.
- तापमानाच्या काट्यावर पूर्ण विसंबू नका. कूलंट फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन तापत असताना काटा मधेच राहतो किंवा खालीही येतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल, एवढीच सोय. लाल दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ही खरंच कूलंटची गळती आहे का?

खर्च करण्याआधी चार गैरसमज दूर करा.

१. एसीचं पाणी. आपल्या दमट हवेत एसी लावलेल्या गाडीखाली हमखास थारोळं साचतं. ते साधं पाणी असतं. पांढरा टिश्यू पेपर त्यात बुडवून पाहा. रंग नाही, वास नाही आणि बोटांना बुळबुळीत लागत नसेल, तर निश्चिंत राहा. हिरवट, गुलाबी, नारिंगी किंवा निळसर छटा आणि चिकट-गोडसर वास आला, तर ते कूलंट.

२. भरल्यानंतर उतरलेली पातळी. कूलंट बदललं किंवा पाइप काढला की आत हवा अडकते. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत ती बाहेर पडते आणि पातळी एकदा खाली येते. एकदा उतरून स्थिरावली तर ती गळती नाही. उतरतच राहिली तर आहे.

३. गरम-थंडाचा फरक. कूलंट तापल्यावर फुगतं. रात्री घरी आल्यावर पाहिलेली पातळी आणि सकाळी पाहिलेली पातळी यांची तुलना करू नका. मोजायचं ते नेहमी थंड इंजिनावर, सपाट जागी.

४. भरलेली टाकी, रिकामा रेडिएटर. ही चूक सगळ्यात महागात पडते. काही गाड्यांत दाब सांभाळणारं झाकण रेडिएटरवर असतं आणि शेजारची प्लास्टिकची टाकी फक्त साठ्याची असते. इंजिन थंड होताना रेडिएटर त्या टाकीतून कूलंट परत ओढून घेतो. झाकणाची बारीक झडप बिघडली किंवा टाकीकडची नळी चिरली, की हे ओढणं थांबतं. टाकी काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा! तुमच्या गाडीला रेडिएटरवर झाकण असेल, तर थंड इंजिनावर तेही उघडून पाहा. ज्या गाड्यांत टाकीच दाबाखाली असते आणि स्क्रूचं झाकण टाकीवरच असतं, तिथे ही भानगड नाही.

सात दिवसांची नोंदवही

गॅरेजमध्ये "कूलंट कमी होतंय" एवढंच सांगितलं, तर मेकॅनिक अंदाज बांधणार. नोंद घेऊन गेलात, तर त्याचं निम्मं काम झालेलं असेल.

1. सकाळी थंड इंजिनावर कूलंट 'मॅक्स' खुणेपर्यंत भरा. टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख आणि किलोमीटर लिहा. फोटो काढा.
2. गाडीच्या पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा पसरा. पेव्हर ब्लॉकच्या फटींत थेंब जिरून जातात, पुठ्ठ्यावर डाग राहतो. पुठ्ठ्यावर चाकांच्या जागा आखून ठेवल्या, तर डाग नेमका कुठल्या भागाखाली पडला तेही कळतं.
3. पहाटे गाड्या धुणाऱ्याला आठवडाभर तुमच्या गाडीखाली पाणी मारू नको म्हणून सांगा. सोसायटीच्या पार्किंगमधले निम्मे पुरावे बादलीभर पाण्यात वाहून जातात. यांत्रिक पार्किंग असेल, तर खालच्या गाडीच्या बॉनेटवर नजर ठेवा. तिच्या मालकाला तुमची गळती कदाचित तुमच्याआधी दिसली असेल.
4. रोज सकाळी पातळी लिहा. आदल्या दिवशी गाडी कशी चालली तेही लिहा: स्टेशनपर्यंतची छोटी फेरी, दहिसरच्या वाहतूककोंडीतला तासभर, की घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ.
5. एक दिवस गाडी अजिबात काढू नका. उभ्या गाडीतही पातळी उतरली, तर गळती बाहेरची आहे आणि दाब नसतानाही वाहण्याइतकी मोठी. फक्त चालवल्यावरच उतरत असेल, तर ती दाबाखाली उघडणारी आहे किंवा आतली.

सात दिवसांनी रेघ जागची हलली नसेल, तर गॅरेजचा खर्च वाचला. उतरली असेल, तर पुढे वाचा.

गळतीच्या नेहमीच्या जागा

गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो वाफ होऊन जातो आणि मागे पांढरट किंवा रंगीत खपली ठेवतो. म्हणून ओल शोधू नका, वाळलेला डाग शोधा. दिवसाउजेडी, टॉर्च घेऊन, वरून खाली पाहत या. इंजिनाखाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर कूलंट त्यावर साचून भलतीकडूनच टपकतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वरचा भाग दोषी असेलच असं नाही.

- पाइप आणि क्लिपा. जोडाजवळ खपली, फुगलेला, भेगाळलेला किंवा तेलाने मऊ पडलेला रबर. खाडी आणि मिठागरांच्या शेजारची आपली खारी हवा लोखंडी क्लिपा लवकर खाते. स्टिल्ट पार्किंगमधले उंदीर आणि घुशी वायरींबरोबर रबरी पाइपही कुरतडतात. दातांच्या खुणा दिसल्या तर पाइप बदलून भागणार नाही, उंदरांचा बंदोबस्तही करावा लागेल.
- रेडिएटर. आताच्या बहुतेक गाड्यांत मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. हा जोड वयानुसार झिरपू लागतो. जाळीच्या पापुद्र्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तिथेच संशय घ्या.
- झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दाबाखालचं कूलंट सव्वाशे अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण दाब धरेनासं झालं, की ते आधीच उकळतं आणि टाकीच्या तोंडातून बाहेर जातं. झाकणाभोवती डाग आणि कडक झालेलं रबर ही खूण.
- वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'वॉटर बॉडी'. त्याच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून पाझरतं. भोकाखाली रंगीत ओघळ आणि बेल्टच्या बाजूने घरघर, अशी जोडी दिसली तर पंप संपला.
- थर्मोस्टॅटचं घर आणि प्लास्टिकचे टी-जोड. वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ होतं. भेग केसाएवढी असते आणि इंजिन तापल्यावरच उघडते.
- सीएनजी किटचे जोड. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या खूप. किटमधला रिड्यूसर थंड पडून गोठू नये म्हणून अनेक गाड्यांत त्याला गरम कूलंटची नळी दिलेली असते. बाहेरून किट बसवलं असेल, तर हीटरच्या पाइपला कापून जोड दिलेले असतात, म्हणजे क्लिपा वाढल्या आणि गळतीच्या जागाही वाढल्या. कूलंट घसरलं की गाडी सीएनजीवर धक्के देऊ लागते. तक्रार "सीएनजीवर पिकअप नाही" अशी असली, तरी कूलंट पाहाच.
- हीटर. मुंबईत हीटर कोण लावतो, म्हणून याच्याकडे कुणी बघत नाही. पण अनेक गाड्यांत कूलंट त्यातून फिरतच असतं. डॅशबोर्डखालचा गालिचा चिकट-ओला, केबिनमध्ये गोडसर वास, पुढच्या काचेवर तेलकट धुकं, या त्याच्या खुणा. गालिचा नुसत्या पाण्याने ओला असेल तर दोष एसीच्या तुंबलेल्या नळीचा. इथेही टिश्यूची परीक्षा घ्या.
- इंजिन ब्लॉकवरच्या पत्र्याच्या गोल टोप्या. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या गाडीत त्या आतून गंजतात. त्या इंजिनाच्या मागच्या बाजूलाही असतात, त्यामुळे सहज दिसत नाहीत.

थेंब नाही, डाग नाही, तरी कूलंट कमी

बाहेर काहीच सापडलं नाही, तर आत पाहावं लागतं. पुढच्या खुणांपैकी एक सापडली तर तपासणी करा. दोन सापडल्या तर गाडी चालवणं थांबवा.

- थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं.
- टाकीत सतत बुडबुडे येत राहणं.
- इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर. सकाळचा मिनिटभराचा धूर ही निव्वळ वाफ असते.
- सकाळी गाडी सुरू होताना एखादा सिलिंडर अडखळणं.
- ऑइलच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखा रंग किंवा वाढलेली पातळी.

शेवटच्या खुणेबद्दल एक सावधगिरी. पावसाळ्यात फक्त स्टेशनपर्यंत ये-जा करणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमते. इंजिन पुरेसं तापत नाही म्हणून ती हवेतली ओल असते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर नुसत्या झाकणावरून "हेड गॅस्केट गेली" असा निकाल मान्य करू नका. डिझेल गाडीत ईजीआर कूलर आतून फुटला, तरी कूलंट धुराबरोबर निघून जातं आणि खुणा हेड गॅस्केटसारख्याच दिसतात. हेड उतरवण्याआधी तो तपासून घ्या.

गॅरेजमध्ये कोणती तपासणी मागाल?

"बघून घ्या" म्हणू नका. तपासणीचं नाव घेऊन सांगा, आणि हाच क्रम धरा. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर.

1. झाकणाची दाबचाचणी. झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा दाब ते धरतं का, हे पाहणारं उपकरण असतं. नापास झालं तर झाकण बदला, आणि पुन्हा सात दिवस नोंद ठेवा.
2. कूलिंग सिस्टिमची दाबचाचणी. थंड इंजिनावर हातपंपाने झाकणाच्या आकड्याएवढाच दाब भरायचा, त्याहून जास्त नाही. पंधरा-वीस मिनिटं काटा स्थिर राहिला पाहिजे. घसरला तर थेंब शोधायचा. गळती बारीक असेल तर दाब भरून गाडी बराच वेळ तशीच ठेवावी लागते, म्हणून "पाच मिनिटांत बघितलं, काही नाही" हे उत्तर घेऊ नका.
3. गरम इंजिनावर पुन्हा पाहणी. काही भेगा तापल्यावरच उघडतात. फॅन सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवायला सांगा. फॅन वेळेवर लागतो का, तेही इथेच कळतं.
4. अतिनील रंगाची चाचणी. कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून दोन-तीन दिवस गाडी चालवायची आणि अतिनील टॉर्चने पाहायची. लपलेल्या जोडांसाठी ही उत्तम.
5. ज्वलनवायूची चाचणी. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर निळा रंग पिवळा पडतो. हेड उतरवण्याच्या कामाच्या तुलनेत ही चाचणी फार स्वस्त आहे. ती केल्याशिवाय कुणी हेड उतरवायला निघालं तर थांबवा.
6. सिलिंडरमध्ये कॅमेरा. दाब भरून रात्रभर ठेवलेल्या इंजिनात प्लग काढून बारीक कॅमेरा घातला, की कोणत्या सिलिंडरमध्ये कूलंट उतरतंय ते डोळ्यांनी दिसतं.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या क्रमांकाची चाचणी पुन्हा करायला लावा आणि काट्याचा फोटो घ्या. काम नीट झाल्याची पावती तीच.

दुरुस्ती की बदल?

- पाइप: एक वयाने गेला असेल, तर त्याच वयाचे बाकीचेही रांगेत असतात. वरचा आणि खालचा मोठा पाइप एकत्र बदला. मजुरी आणि कूलंट एकदाच लागेल.
- रेडिएटर: जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला डाक देता यायचा. प्लास्टिक टाक्यांच्या रेडिएटरला इपॉक्सीचा लेप लावणं म्हणजे वेळ मारून नेणं. तो गावाहून घरी येईपर्यंत टिकला तरी पुष्कळ. नवाच घाला.
- वॉटर पंप: ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे बेल्ट आणि पंप एकत्र बदला. तेवढंच उघडझाकीचं काम पुन्हा करावं लागत नाही.
- हेड गॅस्केट: नुसती गॅस्केट बदलून भागत नाही. हेड वाकलंय का, तडा गेलाय का, हे मशीन शॉपमध्ये तपासायला हवं. अंदाजपत्रकात ही तपासणी नसेल, तर ते अपुरं आहे.

एकच जोड पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर दोष जोडाचा नसून दाबाचा असू शकतो: अडकलेलं झाकण, न लागणारा फॅन, न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा हेड गॅस्केटमधून येणारा वायू. पाइप तिथे फक्त कमकुवत दुवा ठरतो. चौथ्यांदा तोच पाइप बदलण्याऐवजी पाचवी चाचणी करा.

या चुका टाळा

- रेडिएटरमध्ये हळद. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा. हळद जखमेवर लावा, रेडिएटरमध्ये नको. ती भोक बुजवते तशी रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बाटलीतल्या लीक-स्टॉपचंही तेच. आडरानात अडकलात तर ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही.
- "वॉल काढून टाकतो." थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही, असं सांगितलं जातं. खरं म्हणजे ती पुरेशी तापतच नाही. इंधन जास्त जातं, इंजिन झिजतं आणि मूळ दोष झाकला जातो.
- बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी. त्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात आणि धातू खातात. मीरा-भाईंदरच्या नळाला येणारं स्टेमचं किंवा एमआयडीसीचं पाणी पिण्यासाठी असतं, इंजिनासाठी तेही नको. तयार मिसळलेलं कूलंट तसंच ओता, त्यात पाणी घालू नका. संहत कूलंट असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड पाणी मिसळा. अडचणीत साधं पाणी घालून घर गाठायला हरकत नाही, पण नंतर सगळं काढून नवं भरा.
- रंग पाहून कूलंट निवडणं. हिरवं म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक, असा कुठलाही सार्वत्रिक नियम नाही. दोन जातींची भेसळ झाली की गंज रोखणारी द्रव्यं निकामी होतात, कधी गाळही बसतो. पुस्तिकेतलं मानक आणि बाटलीवरचं मानक जुळवा.
- जास्त दाबाचं झाकण "चांगलं" म्हणून बसवणं. ०.९ च्या जागी १.१ लावलंत, तर गळती थांबणार नाही, नवी सुरू होईल.

वाटेत गाडी तापली तर

1. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता थोडी केबिनमध्ये निघेल.
2. द्रुतगती मार्गावर असाल, तर डावीकडे सुरक्षित जागी या, धोक्याचे दिवे लावा आणि इंजिन बंद करा. "पुढच्या सिग्नलपर्यंत" हा मोह हेड गॅस्केटला महाग पडतो.
3. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटलाही हात लावू नका. झाकण उघडण्याआधी किमान पाऊण तास थांबा.
4. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नका. धातूला तडा जातो.
5. टाकी रिकामी असेल आणि कारण दिसत नसेल, तर टोइंग बोलवा. नव्या गाडीबरोबर आणि अनेक विमा पॉलिसींबरोबर रस्त्यावरची मदत येते. तो नंबर आजच मोबाइलमध्ये साठवा.

तुमचे हक्क आणि कागदपत्रं

पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळतीत कागद नसेल, तर प्रत्येक भेट पहिलीच भेट ठरते.

- जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "कूलंट चेक" असं नको. "अमुक तारखेला मॅक्सपर्यंत भरलं, ४०० किलोमीटरमध्ये मिनच्या खाली, याआधी दोनदा पाइप बदलला" असं हवं. प्रत घेऊनच निघा.
- अंदाजपत्रक आधी, काम नंतर. वाढीव काम निघालं तर लेखी किंवा मेसेजवर संमती मागायला सांगा. काढलेला जुना सुटा भाग परत मागा.
- बिल घ्याच. "बिल नको, कमी करतो" हे ऐकायला गोड लागतं. पण बिलाशिवाय दुरुस्तीची हमी मागता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं, त्रुटीपूर्ण सेवा मागे न घेणं आणि पैसे परत न करणं, हेही त्यातच मोडतं. बिलावर मुदत नसेल, तर त्यासाठी ३० दिवस धरले जातात.
- वॉरंटी वाचा. रेडिएटर आणि पंप सहसा तिच्यात येतात, रबरी पाइप अनेकदा 'झीज' म्हणून वगळलेले असतात. वॉरंटी संपायच्या आत केलेली लेखी तक्रार जपून ठेवा. दोष तेव्हाच होता हे दाखवायला ती लागते.
- विमा: झीज, यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान नेहमीच्या मोटार विम्यात येत नाही. दगड लागून रेडिएटर फुटला तर दावा होऊ शकतो, पण फुटल्यानंतर गाडी तशीच दामटून इंजिन जॅम केलंत तर तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी. इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलं असेल, तर त्यातले अपवाद वाचा.

काम सदोष निघालं आणि समोरचा ऐकत नसेल, तर पायऱ्या अशा:

1. सर्व्हिस मॅनेजरला ईमेल. सोबत नोंदवही, फोटो आणि आधीची बिलं जोडा. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या.
2. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तीच तक्रार. क्रमांक लिहून घ्या.
3. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.
4. दुसऱ्या गॅरेजचं लेखी मत. दाबचाचणीच्या आकड्यांसह घेतलंत, तर त्याला वजन येतं.
5. जिल्हा ग्राहक आयोग. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं. गॅरेज मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका.

तक्रारीचा मसुदा जमत नसेल, तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घ्या. तिचं ग्राहक भवन विलेपार्ल्याला आहे.

शेवटी एकच विनंती. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडा. टाकीवर मार्करने एक रेघ मारा, तारीख घाला आणि गाडीखाली पुठ्ठा सरकवा. त्या रेघेला सात दिवस द्या, आणि तोपर्यंत कुणालाही पाना उचलू देऊ नका.